पाळीबाहेरचं पाणी

डोळे मिटा आणि एक पाट समोर आणा. फार रुंद नाही. तुमच्यातला दांडगा मुलगा धावत येऊन उडी मारेल तर पलीकडे पडेल, आणि किडमिडा उडी मारेल तर बरोबर मधोमध. पाटाच्या एका अंगाला मका, दुसऱ्या अंगाला मातीच्या उंच भिंती आणि भिंतींच्या आत डाळिंबाच्या बागा. काठच्या बांधावरून एका माणसाला जाता येईल एवढीच वाट. ऊन असं, की चिमण्याही चोच उघडी टाकून बसल्यात. आता त्या पाटाच्या चौथ्या दारापाशी एक दहा वर्षांची मुलगी उभी करा. पायांत वडिलांच्या जुन्या चपला, हातात गवत कापायचा विळा, डोक्यावर लाल ओढणी. तिची नजर भिंतीवर बसलेल्या मांजरीवर खिळली आहे. मांजरीच्या तोंडात बोटाएवढी मासोळी आहे.

आता मला सांगा, डाळिंबाच्या बागेत मासोळी कुठून आली?

हाच प्रश्न त्या मुलीला पडला. तिचं नाव स्तोरय. गाव तूत कलय, हेलमंद नदीच्या खोऱ्यातलं. तिचे वडील खुदायदाद गावाचे मीराब होते, म्हणजे पाटाच्या पाण्याची पाळी राखणारे. कुणाच्या शेताला कुठल्या दिवशी, किती वेळ पाणी, ते त्यांच्या शब्दावर चालायचं. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. ते फावडं जमिनीत उभं रोवायचे, त्याची सावली पावलांनी मोजायचे आणि म्हणायचे, "झाली तुझी पाळी, दार लाव." कुणी हुज्जत घालत नसे. तुम्ही पाढे म्हणता ना, तशा स्तोरय पाळ्या म्हणायची. शनिवारी हाजी पायंदा, सात पावलं. रविवारी मलिकचं शेत, बारा पावलं.

पाण्यावरून तंटा झालाच, तर मीराब बांधाच्या दोन्ही टोकांना बोरूच्या काठ्या रोवून त्यांना चिंध्या बांधायचे. चिंधी सुटेपर्यंत त्या बांधावर कुणी पाय ठेवायचा नाही, मग तो गावचा प्रमुख मलिक असो की मुल्ला. गावात कुणी कुणाचं ऐकत नव्हतं तेव्हासुद्धा लोक त्या चिंधीचं ऐकत होते.

आणि त्या दिवसांत खरंच कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. टेकडीवर परक्या शिपायांची चौकी होती. तिच्या उंच खांबावर एक कॅमेरा दिवसरात्र मान फिरवत असे. शिपायांशी लढणारी माणसं काळी पागोटी बांधायची. ती अंधारात यायची, अंधारात जायची, आणि वाटांमध्ये सुरुंग पुरून ठेवायची. पहिल्या वर्षी सुरुंग लोखंडाचे असत. परक्यांनी लोखंड हुंगणारी काठी आणली. मग सुरुंग लाकडी फळ्यांचे आणि तेलाच्या पिवळ्या डब्यांचे झाले, तशी काठी मुकी झाली. परके रस्ता सोडून शेतातून चालू लागले; सुरुंगही शेतात आले. परक्यांच्या लक्षात आलं, की गावकरी जिथे पाय टाकतात तिथे सुरुंग नसतो, कारण काळी पागोटी गावाच्या कानात आधी सांगून जातात. झालं, शिपाई पोरासोरांच्या पावलांवर पाऊल टाकून चालू लागले. तेव्हापासून काळ्या पागोट्यांनी गावाला सांगणंच सोडलं. त्या वर्षी गावातली दोन मुलं गेली.

शेवटी परक्यांचा भरवसा एकाच गोष्टीवर उरला. खणलेली माती कितीही दाबली तरी वेगळी दिसते. म्हणून ते वाकून, माती बघत बघत चालायचे. आणि गावकरी त्यांच्या मागे लांब राहायचे, जसं आपण पिसाळलेल्या बैलामागे राहतो.

सोमवारी पहाटे मीराब पाटावर गेले तेव्हा चौथं दार फुटलेलं होतं. पाणी बांधावरून वाहून हाजी पायंदाच्या बागेत शिरत होतं. पाळी कुणाचीच नव्हती. त्यांनी आठ फावडी चिखल टाकला, पायाने ठोकून दार बसवलं, आणि "उंदरांनी पोखरलं असेल" असं पुटपुटत पुढे गेले. उन्हं वर आल्यावर शिपायांची रांग त्याच बांधावरून आली. दारापासून दहा पावलांवर जमीन फुटली. रांगेत पुढे असलेला तांबड्या केसांचा शिपाई संध्याकाळपर्यंतही जगला नाही. तो मुलांना पेन द्यायचा, आणि त्याला येत असलेले दोनच पश्तो शब्द उलटे म्हणायचा. मुलं त्याला हसायची. पेनं मात्र घ्यायची.

दुपारी मीराबना पकडलं. त्यांच्या हातांना एक कागद घासला. तो गुलाबी झाला. दुभाषा म्हणाला, बारुद हाताळणाऱ्यांचा कागद गुलाबी होतो. हा दुभाषा शहरातला तरुण होता, जाड चष्मा लावायचा. आदल्या दिवशी मीराबनी मक्याला खत घातलं होतं, आणि खतानेही तो कागद गुलाबी होतो. खऱ्या गोष्टीला उशीर करून उपयोग नाही म्हणून सांगतो: त्या गावात कागद गुलाबी न करणारा हात एकच होता, दुभाष्याचा.

गावाच्या वडीलधाऱ्यांना मशिदीसमोरच्या तुतीखाली बसवलं. परक्यांचा कप्तान उभाच राहिला. झोप न झालेला, डोळे लाल.

"कॅमेऱ्यात हा फावड्याने माती टाकताना दिसतोय," दुभाष्याने सांगितलं. "हा म्हणतो, पाणी फुटलं होतं, मी दार लावलं. तुम्ही सांगा, पाणी कोण उघडतं?"

मलिक म्हातारा होता आणि गावाच्या अब्रूला फार जपायचा. त्याने दाढीवरून हात फिरवला. "आमच्या आज्याच्या आज्याने हा पाट खणला. मीराबचा हात लागल्याशिवाय इथे थेंब हलत नाही. पाणी चोरणारा आमच्यात जन्मला नाही."

गावाचा मान राखायला गेला, आणि मित्राच्या पायावर धोंडा टाकून मोकळा झाला. बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांनाही तसंच वाटत होतं.

"त्या दाराखाली बाग कुणाची?"

"माझी," हाजी पायंदा म्हणाला.

"आज पहाटे तुमच्या बागेत पाणी आलं?"

हाजी पायंदाने क्षणभर पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. "माझी पाळी शनिवारी झाली. तेव्हापासून थेंब नाही. मी मक्केला जाऊन आलेला माणूस आहे."

कप्तान दोन शब्द बोलला. दुभाष्याने ते सांगितले नाहीत, पण सगळ्यांना कळले. मीराब खोटारडा ठरला. गुरुवारी हेलिकॉप्टर येणार आणि त्यांना मोठ्या छावणीतल्या तुरुंगात नेणार, असं ठरलं. तिथे गेलेली माणसं तीन-तीन वर्षं परतली नव्हती.

त्या संध्याकाळी शिपायांनी घरं झडत्या घेऊन पालथी घातली. कणग्या फोडल्या, कुत्री घरात घातली. गावाने त्याचा राग कुणावर काढावा? शिपायांकडे बंदुका होत्या, काळ्या पागोट्यांकडेही होत्या. उरलं मीराबचं घर.

"तुझ्या नवऱ्यामुळे माझ्या गव्हात कुत्रं मुतलं," शेजारीण कुंपणावरून म्हणाली. स्तोरयच्या आईने मान वर केली नाही. दुसरी कुजबुजली, "मला तर वेगळंच वाटतं. तो आधी परक्यांना वाटा दाखवायचा. काळ्या पागोट्यांनी त्याला बरोबर अडकवला." म्हणजे एकाच माणसावर दोन आळ, आणि एक खरा असेल तर दुसरा खोटा असायलाच हवा. पण संतापलेलं गाव बेरीज-वजाबाकी करत बसत नाही.

हाजी पायंदाचा मुलगा झरघून स्तोरयपेक्षा वर्षाने मोठा होता. मंगळवारी सकाळी तो तिला पाटावर भेटला.

"हात दाखव की. गुलाबी झाले का?"

"तुझ्या आईच्या कणकेत बुडवून बघते."

"तुझ्या बापाला आता विमानातून फिरवणार. आमच्या कुणाला नाही मिळालं ते भाग्य."

तिने विळा हातात फिरवला. तो हसत पळाला. ती चौथ्या दारापाशी येऊन उभी राहिली, रडू येऊ नये म्हणून दात आवळून. आणि मग तिला ती मांजर दिसली.

मांजर पाटात उतरून मासे धरत नाही. मग? भिंतीच्या पायथ्याशी पाणी आत जायला एक भोक होतं, कलिंगड आत जाईल एवढं. स्तोरयने विळा बाहेर ठेवला, ओढणी कमरेला गुंडाळली आणि पोटावर सरपटत आत शिरली.

बागेतल्या सऱ्या कोरड्या पडल्या होत्या, पण वरची गाळाची साय नुकती तडकू लागली होती, तव्यावरच्या ताज्या भाकरीसारखी. आणि सरीच्या तळाशी मासोळ्या होत्या. पाण्याबरोबर आत आलेल्या, पाणी मुरल्यावर तिथेच अडकून मेलेल्या. शनिवारच्या पाण्याच्या असत्या तर कावळ्यांनी केव्हाच उचलल्या असत्या. यांचे डोळेसुद्धा अजून बसले नव्हते. तिने एकेक वेचून ओढणीच्या पदरात घेतली. चौदा भरल्या.

"चोरटे."

हाजी पायंदा तिच्या मागे उभा होता, हातात खुरपं.

"चोर मी नाही, हाजीकाका," ती म्हणाली. तिने पदर सोडला नाही. "सोमवारी पाणी आलं होतं. बाबा खरं बोलत होते."

"हळू बोल."

"तुम्ही तिथे का नाही सांगितलं?"

"काय सांगू? पाळीबाहेरचं पाणी माझ्या बागेत आलं आणि मी गप्प बसलो, असं? शुक्रवारी मशिदीत माझं नाव पुकारलं असतं. दोन पाळ्या परत द्याव्या लागल्या असत्या. फळं भरायच्या दिवसांत." त्याने खुरपं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "मला वाटलं तुझ्या बापाच्या हातून चुकून आलं. माणूस कधी चुकतो. मी त्याला अडकवलं नाही, पोरी. मी फक्त पाण्याबद्दल बोललो."

"बाबाही फक्त पाण्याबद्दलच बोलले होते."

कोंडीत सापडलेली मोठी माणसं काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तो तिच्या अंगावर धावून आला. त्याने पदर ओढला, मासोळ्या मातीत सांडल्या, त्याने त्या चपलेखाली चिरडल्या. "झरघून, कोंबड्या सोड इकडे," तो ओरडला. स्तोरयने हाताला लागतील तेवढ्या उचलल्या आणि भोकातून बाहेर पडली. कोपर सोलून निघालं. मुठीत पाच मासोळ्या उरल्या होत्या.

घरी आईने त्या बघितल्या आणि खाली बसली. "मीठ लावून ठेवू का? उद्यापर्यंत सडतील."

"मीठ नको, आदे," स्तोरय आईला म्हणाली. "मीठ लावलं की म्हणतील बाजारातून आणल्या."

आईने तुतीची पानं ओली करून त्यात त्या गुंडाळल्या. पुडकं बांधता बांधता ती म्हणाली, "तू हे दाखवलंस तर परके विचारतील, दार कुणी फोडलं. ते काळ्या पागोट्यांनीच फोडलं, हे तुला कळतंय ना? पाण्याने माती सपाट होते. खणलेलं दिसत नाही. त्यांची नवी युक्ती आहे ती. ती आपल्या तोंडून बाहेर पडली, तर तुझा बाप तुरुंगातून सुटेल आणि घरात मरेल. इकडे आड, तिकडे विहीर."

स्तोरयला तोवर हे कळलं नव्हतं. आता कळलं. ती रात्रभर विचार करत होती, आणि सकाळी तिच्या मनात एकच गोष्ट पक्की झाली: सुरुंगाबद्दल एक शब्द काढायचा नाही. फक्त पाण्याबद्दल बोलायचं.

बुधवारी गावाची माणसं चौकीच्या फाटकासमोर बसली होती. मलिक मीराबसाठी गयावया करायला आला होता, हाजी पायंदालाही लाजेकाजेने यावं लागलं होतं. आणि शेवटच्या ओळीत एक माणूस बसला होता, ज्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. तो कुणाचा पाहुणा, हे कुणी विचारलं नव्हतं. वाळूच्या पोत्यांमागे बंदुका रोखलेल्या. स्तोरय सरळ वाटेने चालत आली तेव्हा एक शिपाई ओरडला, आणि एका बंदुकीचं तोंड तिच्याकडे वळलं. ती थांबली. मग तिने ओढणीतलं पुडकं दोन्ही हातांनी वर धरलं.

"मी पाण्याची तक्रार घेऊन आले आहे," ती म्हणाली.

बसलेल्यांमध्ये खसखस पिकली. "जा घरी," कुणीतरी म्हणालं. "इथे माणसाच्या जिवाचं बोलणं चाललंय."

पण मलिक हसला नाही. त्या गावात एक रीत होती, पाटाइतकीच जुनी. पाण्याची तक्रार आली की बाकी सगळी बोलणी थांबतात, खुनाची असली तरी. कारण पाणी कुणासाठी थांबत नाही. आणि तक्रार कुणाची, हे बघायचं नाही. म्हातारीची, वेड्याची, पोराची, कुणाचीही. मलिकने दोन दिवसांपूर्वी याच पाटाचा डौल मिरवला होता. आता तिला नाही कसं म्हणणार?

"तक्रार ऐकायला मीराब लागतो," स्तोरय म्हणाली. "मीराबशिवाय पाण्याचा निवाडा होत नाही. त्यांना बाहेर आणा."

दुभाष्याने कप्तानाला सांगितलं. कप्तान चिडून काहीतरी बोलला.

"ते विचारताहेत, ही काय थट्टा आहे का?"

"त्यांना सांग," मलिक म्हणाला, "थट्टा नाही. त्यांना खरं हवं असेल तर आणतील. नको असेल तर राहू देत."

मीराबना आणलं. हात प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेले, डोक्यावर पागोटं नाही. त्यांनी मुलीकडे बघितलं आणि नजर वळवली. सगळ्यांसमोर त्यांना तसं दिसायचं नव्हतं. पण मलिक म्हणाला, "मीराब, तक्रार आहे," तेव्हा ते ताठ झाले, आणि बांधलेल्या हातांनीच खाली बसले, पाटावर बसतात तसे.

"कुणाची?"

"माझी," स्तोरय म्हणाली. "सोमवारी हाजीसाहेबांच्या बागेत पाळीबाहेरचं पाणी गेलं. त्यांनी ते सांगितलं नाही." तिने पानं उलगडली. पाच मासोळ्या. एव्हाना त्यांना वास येऊ लागला होता. "या त्यांच्या सरीत मिळाल्या."

"कुठल्याही डबक्यात मिळतील," हाजी पायंदा म्हणाला. "पोरीने बापासाठी रचलंय. कोण नाही रचणार?"

मीराबनी त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही, पण पाटावर ज्या कोरड्या आवाजात ते विचारायचे त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "हाजीसाहेब, मलिकला तुमच्या बागेत जाऊन सऱ्या बघू द्याल? पाणी येऊन दोन दिवस झाले की साय तडकते. चार दिवस झाले की तिची टरफलं वर उचलतात. तुमची टरफलं उचलली आहेत का?"

पाटावर जन्म काढलेल्या त्या सगळ्या माणसांना हे ठाऊक होतं. फक्त मक्केला गेलेल्या माणसाची बाग बघायला जाणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं, म्हणून कुणी गेलं नव्हतं. आता मलिक काठी टेकून उठू लागला.

"बस," हाजी पायंदा म्हणाला. "बस, मलिक. आलं होतं पाणी."

"किती?"

"चार सऱ्या भरल्या. मी झोपेतून उठलो तेव्हा वाहत होतं. मग बंद झालं." त्याने तोंडावर हात फिरवला. "मीराबने बंद केलं असणार."

"तुम्ही पाणी चोरलं नाही," मीराब म्हणाले. "तुमच्या दारात ते आलं. पण तुम्ही सांगितलं नाही. एक पाळी परत द्याल. शुक्रवारी मशिदीत स्वतः सांगाल, दुसरा कुणी नाव पुकारणार नाही. झाला निवाडा."

दुभाषा हे सगळं भराभर कप्तानाला सांगत होता. कप्तान आधी वैतागून ऐकत होता, मग त्याने हात वर करून दुभाष्याला थांबवलं. तो मासोळ्यांकडे बघत राहिला. मग चौकीच्या खांबाकडे, वरच्या कॅमेऱ्याकडे. मग खाली, स्वतःच्या बुटांभोवतीच्या मातीकडे. त्याचा चेहरा पांढरा पडला. तो आत गेला, आणि बऱ्याच वेळाने परत आला. त्याने पुन्हा चित्रं बघितली होती. माणूस माती टाकतो आणि मग पाणी थांबतं. खड्डा कुठेच नाही. खड्डा आधीचा, आणि तो पाण्याने झाकलेला.

पट्टी कापली गेली. माफी कुणी मागितली नाही. एका कागदावर अंगठा घेतला.

"कप्तान म्हणतात, तू सुटलास," दुभाषा म्हणाला. "पण पाटावर कुठे पाळीबाहेरचं पाणी दिसलं, तर रोज सकाळी आम्हाला येऊन सांगायचं."

शेवटच्या ओळीतला तो माणूस पहिल्यांदाच मान वर करून बघू लागला.

मीराब मनगटं चोळत होते. "मी पाणी वाटतो," ते म्हणाले, कप्तानाला आणि शेवटच्या ओळीलाही ऐकू जाईल अशा आवाजात. "बातम्या वाटत नाही."

"मग तुझी माणसं मरतील," दुभाष्याने कप्तानाचं वाक्य सांगितलं.

"ती तुम्ही येण्याआधी पाण्याने मरायची. कधी कमी, कधी जास्त." त्यांनी फावडं मागितलं. ते पुरावा म्हणून आत राहिलं.

गाव त्यांच्याशी चांगलं वागू लागलं असेल, असं तुम्हाला वाटतं? नाही. खोटं ठरलेली माणसं लगेच चांगली वागत नाहीत. आधी त्यांना तुमच्याकडे बघवत नाही. हाजी पायंदाने शुक्रवारी मशिदीत सांगितलं, इतक्या हळू की मागच्या रांगेला ऐकूच गेलं नाही. झरघून आता स्तोरयला "मासेवाली" म्हणायचा. कप्तानाची माणसं मीराबकडे संशयाने बघायची, की याला ठाऊक आहे आणि हा सांगत नाही. आणि एका सकाळी त्यांच्या दाराशी एक काळी चिंधी दगडाखाली ठेवलेली सापडली. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती.

नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी मीराब पाटाच्या मुखाशी गाळ काढायला गेले होते, गावापासून कोसभर. स्तोरय शेळीसाठी गवत आणायला निघाली, सूर्य नुकता भिंतींवर आलेला. दुसऱ्या दारापाशी ती थबकली.

दार फुटलेलं होतं. तिने मनातल्या मनात पाळ्या म्हटल्या. आज सोमवार. दुसऱ्या दारावर आज कुणाचीच पाळी नाही. पाणी बांधावरून वाहून गेलं होतं आणि वाट अशी गुळगुळीत झाली होती, जशी आईने भिंत लिंपावी. तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

टेकडीवर कॅमेरा दुसरीकडे बघत होता. मक्यात वारा नव्हता, तरी एक ताट हललं. तिने चौकीकडे जाणाऱ्या वाटेकडे बघितलं. मग घराच्या दाराशी ठेवलेली ती काळी चिंधी तिला आठवली. मग तिला आठवलं, की सकाळच्या पाठाला मशिदीत जाणारी सगळी मुलं याच बांधावरून येतात.

तिने ओढणी काढली. दातांनी कड तोडून ती मधोमध फाडली. अलीकडच्या टोकाला बोरू रोवून एक तुकडा बांधला. मग मक्यातून लांबून वळसा घेत पलीकडच्या टोकाला गेली आणि दुसरा बांधला. हे मीराबचं काम होतं. यात कुणाची चहाडी नव्हती. पाण्याचा तंटा होता, एवढंच.

पहिला आला झरघून, काखेत पाठाची पिशवी.

"डोकं उघडं टाकून काय उभी आहेस, मासेवाली?"

"चिंधी दिसत नाही?"

"चिंधी मीराब बांधतो. तू कोण?" तो दात काढत पुढे आला. "वाट तुझ्या बापाची आहे काय?"

"आज आहे."

"बाजूला हो." त्याने बोरूवर हात ठेवला, उपटायला.

स्तोरय खाली वाकली. तिने कोरड्या बाजूचा एक दगड उचलला, नेम धरला, आणि तो झरघूनच्या पायाच्या अंगठ्यावर मारला. तो कळवळून मागे उडाला, एका पायावर नाचत तिला, तिच्या बापाला आणि तिच्या सात पिढ्यांना शिव्या देऊ लागला. मागून आणखी मुलं येताना दिसत होती. टेकडीवरच्या कॅमेऱ्याने मान वळवली.

तिने दुसरा दगड उचलला, आणि चिंधीच्या पुढ्यात, कोरड्या वाटेच्या मधोमध उभी राहिली.